मासे, मामा आणि अमोनिया

बावीसपैकी एकवीस! मित्रांनो, इतका भीषण निकाल तर आपल्याकडे एम-थ्रीचाही कधी लागला नाही. कॉमन रूममध्ये टीव्हीशेजारी जी काचेची टाकी आहे, तिच्यात गेल्या ऑगस्टमध्ये बावीस मासे आले आणि अकरा दिवसांत त्यातले एकवीस वर गेले. आधी पाण्याच्या वर, मग आणखी वर. उरला फक्त एक निळा गौरामी. त्या अकरा दिवसांत हॉस्टेलवर जेवढ्या थिअऱ्या निघाल्या तेवढ्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये कुणी शिकवल्या नसतील. टीव्हीच्या आवाजाने मेले. मॅचच्या रात्री पोरं ओरडली त्या धक्क्याने मेले. कुणीतरी सिगरेटची राख टाकली. मेसची भाजी टाकली (ही थिअरी मेसकाकांना अजिबात आवडली नाही). आणि शेवटी एक थिअरी सगळ्यांना पटली, कारण तिच्यात बोट दाखवायला एक माणूस होता. मामांनी म्हणे फिनेलचा हात टाकीत बुडवला.

मामा म्हणजे आपले तळमजल्याचे मामा. कॉन्ट्रॅक्टरची माणसं येतात नि जातात, पण मामा अकरा वर्षं टिकून आहेत. कुणाचं पार्सल कधी आलं, कुणाच्या खोलीची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते, हे सगळं त्यांना पाठ. सेक्रेटरीने रेक्टर सरांना सांगितलं, सरांनी सुपरवायझरला विचारलं, आणि सुपरवायझरने फार विचार न करता सांगून टाकलं की माशांचे अठराशे रुपये मामांच्या पगारातून कापू आणि ‘माणूस बदलून देऊ’. माणूस बदलून देऊ! ट्यूबलाइट बदलून देतात तसं.

मी गावी होतो. घरचं लग्न उरकून गुरुवारी सकाळी परत आलो तेव्हा टाकीपाशी गर्दी होती आणि मामा खालच्या पायरीवर गप्प बसले होते. मासे हा माझा शाळेपासूनचा नाद. त्यात तृतीय वर्ष स्थापत्य, म्हणजे पाणी-सांडपाण्याचं प्रॅक्टिकल त्याच सेमिस्टरला. त्यामुळे मला मेलेल्या माशांपेक्षा त्यांच्या तारखांमध्ये जास्त रस होता. कोण कधी मेलं? याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. दहा जणांना विचारून, मोबाइलमधले फोटो बघून मी ती जुळवली.

मासे आले शनिवारी संध्याकाळी. सहा गोल्डफिश, सहा काळे मॉली, पाच टायगर बार्ब, चार एंजल आणि एक गौरामी. रविवारी सकाळी तीन मेलेले : दोन एंजल, एक मॉली. सोमवार-मंगळवार सगळं शांत. लोकांनी स्टेटस ठेवले, सेल्फी काढले. मग बुधवारी चार, गुरुवारी सहा, शुक्रवारी तीन. पुन्हा काही दिवस शांतता. आणि नवव्या ते अकराव्या दिवसात उरलेले पाच, सगळ्यांच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके.

तीन, तेरा, पाच. मधे दोन मोकळ्या जागा. विष पडलं असतं तर असे हप्ते पडले नसते. फिनेल पाण्यात गेलं की काही तासांत सगळी टाकी आडवी होते, शिवाय वासही लपत नाही. आणि फिनेलने लादी पुसली ती बुधवारी सकाळी नऊ वाजता, त्या दिवशीचे चार मासे पहाटे साडेपाचलाच (अभ्यासाला उठलेल्या एकुलत्या एका पोराने) तरंगताना पाहिले होते. रविवारी तर मामांची सुट्टी.

तर एकवीस माशांचं मरण एक नव्हतं, तीन वेगवेगळी मरणं होती. एकेक करून सांगतो.

पहिल्या रात्रीचं मरण प्रवासाचं. दुकानातला मासा दुकानात जन्मलेला नसतो. आपल्याकडे शोभेच्या माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर चेन्नईजवळच्या कोलातूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास होते. तिथून प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, रबरबँड आणि खोका. मुंबईत कुर्ल्यासारख्या ठोक बाजारात उतरायचं, तिथून पुन्हा पिशवीत शहरातल्या दुकानात, तिथून पुन्हा पिशवीत आपल्या घरी. पॅक करण्याआधी माशाला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. तेव्हा आपण रंग बघून, बोट काचेला लावून ‘तो द्या’ म्हणतो, तो मासा आठवड्याभरात तीन वेळा गाव बदललेला आणि धड न जेवलेला असतो. आपली अवस्था अॅडमिशन राउंडच्या वेळी काय होती ते आठवा.

आता पिशवीत काय होतं बघा, कारण इथे खरी गंमत आहे आणि तीही अकरावीच्या केमिस्ट्रीची. मासा लघवीपेक्षा जास्त अमोनिया कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. पिशवी बंद, त्यामुळे अमोनिया साठत जातो. पण त्याच वेळी श्वासातला कार्बन डायऑक्साइडही साठतो, पाणी आम्लधर्मी होतं, पीएच खाली येतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विषारी, साधा अमोनिया. दुसरा त्या मानाने निरुपद्रवी, अमोनियम. पीएच साडेसहा असेल तर पंचवीस अंशाला एकूणपैकी विषारी भाग ०.२ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पिशवीतला मासा घाणीत असतो, पण त्या घाणीचे दात काढलेले असतात. मग घरी आल्यावर आपण प्रेमाने पिशवी उघडतो आणि ‘सवय होऊ दे’ म्हणून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वर आपण टाकीतलं क्षारीय पाणी वाटी-वाटीने ओततो. पीएच चढतो. आपल्या टाकीचा पीएच नंतर मोजला तो ८.२. त्या पीएचला विषारी भाग आठ टक्क्यांच्या पुढे जातो. अमोनिया तेवढाच, पण विष चाळीसपटीहून जास्त!

आपले मासे एसटीने चार तास आले होते. पिशव्या उघडून पाऊण तास टेबलावर ठेवल्या होत्या, त्यातही एंजल ज्या पिशवीत होते ती सर्वांत गच्च भरलेली. म्हणून लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यायची, तापमान सारखं होतं. मग उघडल्यावर वेळ न काढता जाळीने मासा उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. अर्ध्या तासाच्या अंतरावरून आणले असतील तर अमोनिया फारसा साठलेला नसतो, तिथे हळूहळू पाणी मिसळणंच बरं, कारण दुकानातलं आणि घरचं पाणी जडपणात वेगळं असू शकतं. यावर मासेवाल्यांमध्ये आपल्या विंडोज-लिनक्ससारखी भांडणं चालतात. प्रवास किती तासांचा झाला ते न विचारताच भांडतात, हे माझं मत.

दुसरी भानगड क्लोरीनची. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायला हवा. तो असतो म्हणून आपल्याला कावीळ-कॉलरा होत नाही. त्या सकाळी आपल्या नळाचा क्लोरीन लॅबमध्ये ०.४ आला, म्हणजे अगदी कायद्यात बसणारा. पण आपण ते पाणी पोटात घेतो, मासा त्या पाण्यात श्वास घेतो. कल्ल्यांची नाजूक त्वचा क्लोरीनने भाजते. पाणी बादलीत एक दिवस हवेच्या पंपाखाली ठेवलं तर साधा क्लोरीन निघून जातो, किंवा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, चिमूटभर टाकलं तर लगेच. तेच ते, ज्याने बारावीला टायट्रेशन करताना आपले रीडिंग कधीच जुळले नाहीत. आपली टाकी शनिवारी दुपारी थेट नळाने भरली आणि संध्याकाळी मासे सोडले. दुकानदारानेही तसंच सांगितलं होतं म्हणे.

आता दुसरा हप्ता, तेरा माशांचा. खरा खलनायक इथे आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सेक्रेटरी पुन्हापुन्हा म्हणत होता, “अरे पाणी बघ ना, बिस्लेरीसारखं आहे!” होतंच. अमोनियाला रंग नाही.

गुरुवारी दुपारी मी बाटलीत नमुना घेतला आणि लॅब असिस्टंट सरांच्या हातापाया पडून नेसलरचं द्रावण मिळवलं. (त्यात पारा असतो, त्यामुळे उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत जमा करायचं. हे सरांनी मला तीन वेळा सांगितलं, मी तुम्हाला एकदा सांगतो.) नळाचं पाणी फिकट पिवळंसुद्धा झालं नाही. टाकीचं पाणी चहासारखं झालं. अमोनिया नायट्रोजन लिटरला साधारण ४ मिलिग्रॅम. त्यातला आठ टक्के विषारी म्हणजे ०.३ च्या पुढे. मासे ०.०५ च्या आसपासच हैराण होतात.

आला कुठून एवढा? हिशोब मांडून बघा. टाकी तीन फूट बाय एक बाय दीड, वरची जागा आणि खालची रंगीत वाळू सोडली तर पाणी साधारण ११० लिटर. माशांचं खाणं : डब्यावर प्रथिनं ३५ टक्के लिहिलंय. प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नायट्रोजन मिळतो. कॉमन रूममध्ये येणारा प्रत्येक जण चिमूट टाकून जात होता, दिवसाला पाच ग्रॅम तरी सहज. पाच ग्रॅम खाण्यात १.७५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे २८० मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्माच जरी अमोनिया होऊन पाण्यात आला तरी १४०. भागिले ११०. लिटरला रोजचे सव्वा मिलिग्रॅम. तीन दिवसांत चारच्या घरात. उत्तर लॅबशी जुळलं तेव्हा मी एकटाच कॉरिडॉरमध्ये हसत होतो, आणि लोकांना वाटलं याला माशांचं दुःख झालंय.

मग ज्यांच्या टाकीत वर्षानुवर्षं मासे जगतात, त्यांच्याकडे हा अमोनिया जातो कुठे? तो खाल्ला जातो. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर जिवाणूंचा एक बुळबुळीत थर बसतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी सौम्य, तो दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतो. म्हणजे बघा, तो शंभर-दोनशे रुपयांचा स्पंज म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातला ट्रिकलिंग फिल्टरच. सांडपाणी प्रकल्पाचं छोटं मॉडेल टीव्हीशेजारी ठेवलंय आणि आपण ते बघायला फील्ड व्हिजिटला ऐंशी किलोमीटर गेलो!

जाता जाता एक. तोंडीला ‘नायट्राइटचं नायट्रेट कोण करतं’ विचारलं तर ‘नायट्रोबॅक्टर’ असंच सांगा, मार्क मिळतील. पण १९९८ मध्ये टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्या तपासल्या तेव्हा हे काम करणारा नायट्रोस्पिरा निघाला. आणि २०१५ मध्ये तर असेही नायट्रोस्पिरा सापडले की जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळा प्रवास एकट्याने करतात. त्यांचा एक नमुना मत्स्यपालनाच्याच फिल्टरमध्ये मिळाला. पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत नायट्रोबॅक्टर जिंदाबाद.

मुद्दा असा की नव्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच, आणि त्यांची वाढ फार संथ. पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला साधारण दिवसभर लागतो, कधी जास्तही. पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे. तोपर्यंत टाकी म्हणजे मशिनरी न बसवलेला कारखाना. आणि त्यात आपण पहिल्याच दिवशी बावीस मासे सोडले, पूर्ण क्षमतेने. आधी अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतो. नायट्राइट माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतो, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असून मासा गुदमरतो. आपल्या माशांनी तो टप्पा फारसा पाहिलाच नाही, ते आधीच्याच पेपरात गेले.

गौरामी कसा वाचला? त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक जादा अवयव असतो, त्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. कल्ले भाजलेले असतानाही त्याला श्वासाची दुसरी वाट असते. शिवाय तो मुळात चिवट. त्यालाही त्रास झालाच, चार दिवस कोपऱ्यात तोंड करून उभा होता.

त्या गुरुवारी करायला हवं होतं ते एवढंच : खाणं बंद, आणि हायपो टाकलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, रोज. ते रात्री उशिरा केलं. त्याआधी दुपारी कमिटीने घाबरून अख्खी टाकी रिकामी करून, वाळू साबणाच्या घासणीने घासून, पुन्हा नळाने भरली होती, तेव्हा शुक्रवारचे तीन कशाने गेले हे सांगायला लॅब लागत नाही.

तिसरा हप्ता पांढऱ्या ठिपक्यांचा. हा एक परजीवी, दुकानातूनच एखाद्या माशाबरोबर आलेला. तो कातडीत घुसून बसतो, मोठा होतो, खाली गळून पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पुन्हा मासे शोधत पोहतात. उबदार पाण्यात हे चक्र आठवड्याभरात फिरतं, म्हणून नववा दिवस. धडधाकट मासा याच्याशी झुंज देतो. अमोनियातून अर्धमेला वाचलेला नाही देऊ शकत. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर, म्हणून ‘दोन दिवस टाकलं, काही फरक नाही’ असं लोक म्हणतात. आपण लिटरला दोन ग्रॅमच्या हिशोबाने २२० ग्रॅम खडेमीठ दोन दिवसांत विरघळवलं. गौरामीच्या शेपटीवरचे चार ठिपके गेले. बाकीच्यांना उशीर झाला होता.

आता मामांचं. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना विचारलं, “मामा, तुम्ही टाकीत हात घातला होता का?” मामा म्हणाले, “घातला की. शनिवारी. पिशवी उचलून पाण्यावर ठिवाया. तर सायेब लोक म्हनले, मामा, तुम्ही ऱ्हाऊ द्या.” मग हळूहळू कळलं. मामा करमाळ्याकडचे, उजनीच्या फुगवट्यावरच्या गावातले. तरुणपणी आठ-दहा वर्षं त्यांनी मत्स्यबीज वाहण्याचं काम केलंय. कटला, रोहू, मृगळ. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, टेम्पो, रात्रीचा प्रवास (दिवसा पाणी तापतं), आणि तळ्यावर पोचल्यावर पिशव्या न फोडता आधी तरंगत ठेवायच्या. जे मी पीएच आणि टक्केवारी काढून सिद्ध करत होतो ते त्या माणसाने हातांनी शेकडो वेळा केलेलं.

“आन दादा,” ते म्हणाले, “नव्या पान्यात बीज सोडत्यात व्हय? तळ्यात आधी शेन टाकायचं, दहा-पंधरा दीस पानी पिकू द्यायचं. मंग बीज.” शेणखताने तळ्यात शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात, ते बिजाचं खाद्य. आपल्या टाकीतल्या जिवाणूंची भानगड थोडी वेगळी, पण ‘पाणी पिकू द्यायचं’ हा शब्द मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नव्हता. मी तो वहीत लिहून घेतला.

सोमवारी मी रेक्टर सरांकडे गेलो. सर मेकॅनिकलचे, त्यामुळे मी मुद्दाम रिलायबिलिटीचा बाथटब कर्व्ह काढून नेला. नवं यंत्र सुरुवातीला जास्त बिघडतं, मग बराच काळ बरं चालतं, शेवटी पुन्हा बिघडायला लागतं. खाली तारखा, वर मेलेल्या माशांची संख्या. सर म्हणाले, “पण तिथे सुरुवातीचे बिघाड मालातल्या दोषाने येतात. इथे मासे तर चांगले होते म्हणतोस.” मी म्हटलं, सर, यंत्र म्हणजे मासा नाही, टाकी. कमिशनिंग न करता लोड दिला. सरांनी चष्मा काढला, आलेख पुन्हा पाहिला, फिनेलची वेळ आणि पहाटेच्या फोटोची वेळ ताडून पाहिली, आणि माझ्यासमोर सुपरवायझरला फोन लावला. पैसे कापायचे नाहीत. सरांना मानलं. हट्टाने बसले असते तर मी काय करणार होतो?

‘माणूस बदलून देऊ’ मात्र तोवर होऊन गेलं होतं. मामांची ड्यूटी वर्कशॉपच्या इमारतीत लागली होती आणि ती परत फिरली नाही, कारण त्यांच्या जागी आलेला माणूस कुठे पाठवायचा हा प्रश्न सुपरवायझरपुढे होता. चुकलो असं मामांना कुणी म्हटलं नाही. सेक्रेटरीने त्यांना एकदा कँटीनमध्ये चहा पाजला, तेवढंच. मामा म्हणतात वर्कशॉपला जिने कमी आहेत, बरंय. मला ते पटत नाही. अकरा वर्षं ज्या दाराशी पोरांनी ‘मामा’ म्हणून हाक मारली ते दार सुटलं, आणि तेही कुणीतरी पाण्याची तपासणी करायच्या आधीच निकाल लावला म्हणून.

टाकीचं पुढे असं झालं. गावातल्या एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये जुनी, छान चालणारी टाकी आहे. तिथे जाऊन आम्ही फिल्टरचा अर्धा घाण स्पंज मागितला. कंपाउंडरकाका बघतच राहिले, म्हणाले नवा घेऊन जा की. नाही काका, घाणच पाहिजे! तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत घालून पळत आणला (कोरडा पडला किंवा नळाखाली धुतला की जिवाणू मेलेच). टाकीत तेव्हा एकटा गौरामी, त्याला दिवसाआड चिमूटभर खाणं. दर दोन दिवसांनी मी मोजणी केली. अमोनिया पहिल्या पंधरवड्यातच खाली आला. नायट्राइट बाराव्या दिवशी चढला, टेस्ट ट्यूबमध्ये मस्त गुलाबी रंग यायचा, आणि सत्ताविसाव्या दिवशी पाणी पांढरंच राहिलं. मामा रोज साडेपाचला ड्यूटी संपवून येऊन विचारायचे, “पिकलं का?”

पिकलं म्हटल्यावरसुद्धा आम्ही फक्त चार मॉली आणले. कारण एका गौरामीवर पोसलेले जिवाणू एका गौरामीपुरतेच असतात. खाणारी तोंडं वाढली की त्यांनाही वाढायला वेळ द्यावा लागतो. या वेळी दुकानात लॉट कधी आला ते विचारलं, आठ दिवस दुकानात राहून जेवायला लागलेले मासेच घेतले, एखाद्या टाकीत एक जरी ठिपकेवाला दिसला तर त्या टाकीतलं काही नाही. पिशवी मामांनी तरंगत ठेवली, या वेळी त्यांना कुणी ‘ऱ्हाऊ द्या’ म्हटलं नाही. तरी चौघांतला एक तिसऱ्या दिवशी गेलाच. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, अंगावर काही नाही. मामांनी त्याला उलटा-पालटा करून पाहिलं आणि कुंडीत पुरला. बाकीचे तीन आणि गौरामी आजपर्यंत ठणठणीत आहेत. पुढचे चार दिवाळीच्या सुट्टीनंतर.

टाकीवर आता मोठ्या अक्षरात पाटी आहे : ‘सकाळी एकदाच खाणे दिले जाते. इतरांनी काहीही टाकू नये.’ तिच्याखाली कुणीतरी पेनने लिहून ठेवलंय, ‘हा नियम मेसलाही लागू आहे असे दिसते.’